मदत हवी आहे: मुलांबरोबर कामट्यांचा आकाशकंदील करतोय, सांगाडा पिळून खाली बसतोय

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. इकडे शाळांना दिवाळीची २१ दिवसांची सुट्टी असते आणि बायकोला यंदा रजा नाही, त्यामुळे दुपारची पोरं माझ्या ताब्यात. आमची एक साडेआठ वर्षांची, पुण्याहून आलेला भाचा अकराचा, आणि समोरच्या फ्लॅटमधली दोघं. त्यातला धाकटा चारच वर्षांचा आहे पण जेवण झालं रे झालं की सगळ्यात आधी येऊन सतरंजीवर बसतो तो तोच.

पहिल्या दिवशी जुन्या लग्नपत्रिका कापून दाराचं तोरण केलं, ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी फतेपुऱ्याच्या कुंभारवाड्यातून साध्या पणत्या आणून रंगवल्या (आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवल्या, नाहीतर सगळं तेल पणतीच पिते). तेही झालं. मग भाचा म्हणाला मामा तुमच्याकडे कंदील नाही का लावत. म्हटलं लावतो की, प्लास्टिकचा घडीचा आहे, माळ्यावर असेल. हे आईने आतून ऐकलं आणि झालं, दांडिया बाजारातल्या जुन्या घरी आजोबा कामट्यांचा कंदील कसा करायचे ते सुरू झालं. सहा चौकोन बांधायचे, कोपऱ्याला कोपरा जोडायचा, की कंदील तयार. एवढंच तिला आठवतंय कारण तिचं काम फक्त दोरा धरायचं होतं.

तर टोपल्या-सुपं करणाऱ्या एका बाईंकडून बांबू चिरून आणला, २५ सेंमीच्या २४ कामट्या कापल्या, पॉलिश पेपरने घासल्या कारण त्यांची कुसळं फार वाईट लागतात, सहा चौकोन बांधले. चार चौकोन टोकावर उभे करून गोल रिंगण केलं, वर एक चौकोन, खाली एक. जमिनीवर ठेवला तेव्हा इतका सुरेख दिसत होता की भाच्याने फोटो काढून बहिणीला पाठवला सुद्धा. आणि उचलून खुंटीला लावला तर वरचा चौकोन जरासा फिरला आणि सगळा सांगाडा पिळून मिटलेल्या छत्रीसारखा झाला. समोरची मुलगी म्हणाली, अंकल, आ तो वांकुं थई गयुं.

परत गाठी घट्ट केल्या, फेव्हिकॉल लावला, रात्रभर ठेवला. सकाळी तेच, फक्त थोडं सावकाश. आईचं म्हणणं आजोबांचा असा कधी पडला नाही. माझं कुठे चुकतंय? आणि कागद कुठला लावू, खळ कशी करू, आत बल्ब कुठला घालू, हेही कोणी सांगितलं तर फार बरं होईल. वसुबारसेला लावायचाच असं मुलांनी परस्पर ठरवून टाकलंय.

खमंग_चिवडा
बाजारात तयार मिळतो की हो. आणा आणि पोरांना सांगा आपणच केला.

मांजलपूरकर (धागाकर्ता)
भाच्याला तो डायलॉग चालणार नाही, त्याने सांगाड्याचा फोटो आधीच पाठवलाय.

त्रिज्या
तुमचं बांधण्यात काही चुकलेलं नाही, तो आकारच तसा आहे. काड्यांचा चौकोन घ्या, कोपऱ्याला दाबा, लगेच पतंगासारखा तिरका होतो. त्रिकोण घ्या आणि दाबून बघा, हलत नाही. तुमच्या कंदिलात आठ त्रिकोण आहेत ते पक्के, पण सहा चौकोन ढिले, आणि ते सहाही एकदम मिळून फिरतात म्हणून अख्खा सांगाडा पिळतो. या आकाराला क्युबोक्टाहेड्रॉन म्हणतात आणि त्याची ही खोडी प्रसिद्ध आहे.

भाच्याला हिशोब सांगा, अकराव्या वर्षी जमतो. असा बंद सांगाडा ताठ उभा राहायला काड्या किती लागतात? सांध्यांची तिप्पट वजा सहा. तुमचे सांधे १२, म्हणजे ३६ वजा ६ झाले ३०. तुमच्याकडे काड्या आहेत २४. सहा कमी. आणि चौकोन किती? सहाच! प्रत्येक चौकोनात एकेक तिरपी काडी बांधा, संपला विषय. २५ च्या चौकोनाला तिरपी काडी ३५ सेंमी आणि वर चार मिलीमीटर.

आजोबांचा पडला नाही कारण ते बहुतेक तिरप्या काड्या घालत असणार आणि दोरा धरणाऱ्या मुलीच्या ते लक्षात राहिलं नसणार. किंवा कागद इतका ताणून लावत असतील की कागदानेच ते काम केलं.

जुनी_वही
त्रिज्या म्हणतात त्यातलं दुसरं, कागदाचंच कारण असणार. आमच्याकडे दादा कागद खळीने ओलसर असतानाच लावायचे, वाळला की तो आपोआप ताणला जायचा, टिचकी मारली तर डफासारखा वाजायचा. पण सांगाडा हातात धरून कागद लावायला दोन मोठी माणसं लागायची हेही खरं, एकट्याने नाही व्हायचं.

खळ सोपी आहे हो. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, एक पण गुठळी ठेवू नका, मग वाटीभर पाणी घालून मंद गॅसवर सतत ढवळत राहा. पांढरी असते ती जराशी पारदर्शक व्हायला लागली आणि चमच्याला धरली की उतरवा. गार झाल्यावर लावायची, गरम लावली तर पातळ कागद भोकं पडून फाटतो. पूर्वी त्यात मोरचूद घालायचे, झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून. ते विष आहे दादा, तुमच्याकडे चार वर्षांचं मूल आहे, अजिबात घालू नका. चिमूटभर तुरटी घाला आणि रोज ताजी करा, लागते किती अशी. मुलं बोटं चाटतातच. मैदा चाटला तर काही होत नाही.

पेच_लावू_का
अरे बडोद्यात बसून कागद कुठला विचारतोस! पतंगाचा कागद. गेंडीगेटला पतंगवाल्यांकडे जा, दिवाळीला दुकानं उत्तरायणासारखी भरलेली नसतात पण कागदाचे ताव आणि पतंगाच्या काड्या मागितल्या की आतून काढून देतात. काड्यांचं बघ, ढढ्ढा असतो ना पतंगाचा मधला, तो सरळ आणि गुळगुळीत असतो, तिरप्या काड्यांना एकदम बरोबर, घासायला पण नको. आणि गुंदरपट्टी घे दोन रीळ. कडांना लावली की फिनिशिंग दिसते आणि पोरांना ती ओली करून चिकटवायला प्रचंड आवडतं.

जिलेटीन घेऊ नको, खळीने चिकटतच नाही ते. क्रेप पण नको, दवाने रंग ओघळतो, आमच्या एका वर्षी खालच्या मजल्याच्या पांढऱ्या चादरीवर गुलाबी पाऊस पडला होता, अजून त्या बेन जिन्यात बोलत नाहीत. पतंगाच्या कागदाचा पण गडद लाल आणि जांभळा रंग सुटतो कधीकधी. ओलं बोट लावून बघायचं, बोट रंगलं तर तो ताव शेपट्यांना.

आणि बांधायला घरातला उरलेला मांजा काढू नको हां. साधा सुती दोरा. पोरांची बोटं आहेत.

मांजलपूरकर (धागाकर्ता)
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. त्रिज्या, तुमचा ३० वजा २४ चा हिशोब भाच्याने वहीत लिहून ठेवलाय आणि येणाऱ्या जाणाऱ्याला विचारतोय.

पण अडलोय परत. गेंडीगेटहून ढढ्ढे आणले, नीट मोजून ३५.४ कापले, सहा बांधले. आता सांगाडा पिळत नाही, ताठ उभा राहतो, पण वेडावाकडा! चौकोन चौकोन दिसतच नाहीत, दोन कोपरे लांब खेचल्यासारखे दिसतात आणि एक कामटी तर कमानीसारखी वाकलीय. तीनदा मोजलं, ३५.४ च आहे. आई म्हणते आता राहू दे, गोल पेपरचा कंदील लाव. तिचा धीर सुटला म्हणजे बघा.

त्रिज्या
माझी चूक, सांगायचं राहिलं. गाठ कामटीच्या अगदी टोकाला नसते ना? एक सेंमी आत असेल. म्हणजे तुमचा चौकोन २५ चा नाहीच, गाठीपासून गाठीपर्यंत २३ चा आहे. २३ गुणिले १.४१४ म्हणजे साडेबत्तीस. तुम्ही चौकोनात जवळजवळ तीन सेंमी जास्त लांब काडी कोंबलीय, तो बिचारा ताणून तिरका होणार नाहीतर काय. काड्या कापू नका, फक्त साडेबत्तीसवर पेनाने खूण करा आणि तिथे बांधा, जास्तीचं टोक नंतर छाटा. प्रत्येक चौकोन वेगळा मोजा, तुमचे सहाही सारखे असतील यावर माझा विश्वास नाही.

अजून एक. वरच्या चौकोनातल्या तिरप्या काडीलाच बल्बचा होल्डर बांधा, बरोब्बर मध्यावर. आणि कंदील एका दोऱ्यावर नाही, वरच्या चारही कोपऱ्यांना चार सारखे दोरे बांधून ते वर एकत्र करून टांगा. लटकवायच्या आधी बाल्कनी मोजून घ्या, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर काडीच्या दुप्पट येतं, म्हणजे तुमचा पोटात ४६ सेंमी रुंद आणि उंचीला साडेबत्तीस.

पेच_लावू_का
एलईडीच लाव, ५ वॅटचा पुरे. जुना पिवळा ६० चा सापडला म्हणून तोच बसवू नको, त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि भोवती नुसता कागद. आणि वर-खालचा चौकोन उघडाच ठेव.

जुनी_वही
कागद सगळा लावून वाळला ना, की इस्त्रीच्या पाण्याच्या फवाऱ्याने लांबून अगदी हलकं पाणी मारा, भिजवू नका. सुरकुत्या जातील. दादा तोंडात पाणी घेऊन फुंकर मारायचे, ते आता मुलांना शिकवू नका मात्र.

धाकट्याला शेपट्या द्या. कागदाची लांब पट्टी दुमडून एका बाजूने कात्रीने झिरमिळ्या कापायच्या, आणि कात्री नको असेल तर नुसतं फाडू द्या. फाडलेल्या जास्त छान दिसतात, खरंच सांगते.

मांजलपूरकर (धागाकर्ता)
लागला! रिपोर्ट देतो.

गाठीपासून मोजल्यावर सगळं जागेवर आलं, सहापैकी पाच साडेबत्तीसला बसले, एक चौकोन मीच दीड सेंमीवर गाठ मारून बांधला होता तो एकतीसला. तो वर टाकलाय, खालून दिसत नाही. बाजूचे चार चौकोन केशरी, आठ त्रिकोण पिवळे आणि पांढरे एकाआड एक, असा भाच्याचा हुकूम. कागदाचे तुकडे चौकटीपेक्षा सगळीकडून एकेक सेंमी मोठे कापले आणि ती कड कामटीवरून आत दुमडून खळ लावली. पहिले दोन त्रिकोण आमच्या मुलीने लावले ते सुरकुतलेले होते आणि ती रडायला आली, मग आईने बसल्या जागेवरून सांगितलं की आधी एक बाजू लाव, ती धरू दे, मग समोरचा कोपरा ओढ. तिसऱ्यापासून नीट आले. आणि गंमत म्हणजे हे सांगता सांगता आईलाच आठवलं की आजोबा चौकोनांत दोऱ्याची फुली बांधायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि ती फुली ताणून धरायला तिला बसवायचे. म्हणजे तिने जो दोरा धरला होता तो हाच! त्रिज्या, तुम्ही निम्मे बरोबर निघालात, काडीऐवजी दोरा.

जुनी_वहीताई, फवारा मारला आणि तासाभरात कागद खरंच टिचकीला वाजायला लागला. फक्त एका पिवळ्या त्रिकोणावर मी जवळून मारला तिथे डाग पडलाय. तो भिंतीकडे फिरवलाय.

वसुबारसेच्या संध्याकाळी समोरचे सगळे बघायला आले. त्यांच्या आजींनी विचारलं आ शुं छे, तर चार वर्षांच्याने सगळ्यांच्या आधी सांगितलं, कंदील छे, में फाड्यो. म्हणजे शेपट्या.

आता शेवटचा प्रश्न, तोही शेपट्यांचाच. आमची बाल्कनी सातव्या मजल्यावर आहे, रात्री वारा सुटला की आठही शेपट्या एकमेकींत गुंततात आणि सकाळी त्यांची एक वेणी झालेली असते. टोकाला काहीतरी वजन बांधायचा विचार आहे. मणी बांधले तर कागद फाटेल का? काय बांधतात?

पेच_लावू_का
मण्याने फाटेल. टोकाला गुंदरपट्टी दुमडून लाव दोन-तीन थर, तेवढं वजन बास. आणि आठच्या चार कर.

मांजलपूरकर (धागाकर्ता)
चार केल्या तर कुठल्या चार काढायच्या ते फाडणाऱ्याला विचारावं लागेल. उद्या दुपारी बघतो.