मदत हवी आहे: वणीच्या ट्रॉलीत आईला कसं बसवू?

नमस्कार मंडळी, अंबाजोगाईहून लिहितोय. आईचं वय ७२, गुडघे पार गेलेले. साडेतीन पीठांपैकी तुळजापूर, माहूर, कोल्हापूर झालं. उरलं ते अर्धं, वणीची सप्तशृंगी. पायऱ्या काही शेकड्यांत, म्हणजे ट्रॉलीशिवाय इलाज नाही.

घोळ असा की मागे तिला रायगडच्या रोपवेत बसवलं होतं. डबा दोरावर लटकत वर निघाला अन् माय माझी डोळे मिटून योगेश्वरीचा धावा करत बसली. आता म्हणते, "लटकून देवीला जायचं नाही." वणीची ट्रॉली २०१८ पासूनची, फ्युनिक्युलर, रुळांवरून जाते, दोर फक्त ओढतो, हे दहादा सांगून झालं. पटत नाही. भाच्यानं बोलिव्हियातल्या ला पाझचे व्हिडिओ दाखवले, तिथं लोक रोज कामाला रोपवेनं जातात. त्यानं ती उलट जास्तच घाबरली!

गुडघेदुखीचं माणूस घेऊन कुणी गेलंय का? वर उतरल्यावर किती चालावं लागतं? व्हीलचेअर आत घेतात का? अन् दरीकडं पाठ करून बसता येतं का? रुळांचा स्पष्ट फोटो असेल तर टाका राव, तिला दाखवतो.