शब्दचर्चा : ‘अजिंक्य अज्ञान’

प्रश्न : कॅथलिक शिकवणुकीवरच्या एका अनुवादित लेखात ‘अजिंक्य अज्ञानामुळे अख्रिस्ती माणसाचंही तारण होऊ शकतं’ असं वाचलं. अज्ञान अजिंक्य कसं? आणि ‘तारण’ऐवजी ‘मोक्ष’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर १ : ‘मोक्ष’ नको. त्यात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका गृहीत असते, ख्रिस्ती श्रद्धेत तो फेराच नाही. पापातून सोडवणूक या अर्थाने मराठी बायबलमध्ये ‘तारण’ रुळलेला आहे.

उत्तर २ : ‘अजिंक्य’ हे लॅटिन ‘इन्विन्चिबिलिस’चं शब्दशः भाषांतर. मराठीत त्याने किल्ला नाहीतर योद्धा आठवतो. इथे अर्थ असा, की जे अज्ञान दूर करणं त्या माणसाच्या हातातच नव्हतं, म्हणून त्याचा दोष त्याला लागत नाही. कळण्याची सोय असून ज्याने मुद्दाम कानाडोळा केला, तो यात बसत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) १९६४च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात (परिच्छेद १६) ‘सिने कुल्पा’, म्हणजे ‘दोषाविना’, असेच शब्द आहेत. म्हणून मी ‘निर्दोष अज्ञान’ लिहीन.

पण त्या वाक्यात खरा घात केलाय तो ‘मुळे’ने. अज्ञान कुणाला तारत नाही, ते फक्त दोष टाळतं. तारण होतं ते ख्रिस्ताच्या कृपेने. ती कृपा त्याचं नावही न ऐकलेल्या, पण मनापासून देवाचा शोध घेणाऱ्या आणि सदसद्विवेकाला स्मरून वागणाऱ्या माणसापर्यंत पोचू शकते, अशी ही शिकवण आहे.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. जपानमध्ये नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी फ्रान्सिस झेवियरला विचारलं होतं, आमच्या मेलेल्या आईबापांचं काय? आता त्यांच्यासाठी काही करता येणार नाही, हे उत्तर ऐकून ते रडले. झेवियरनेच १५५२ साली कोचीनहून लिहिलेल्या पत्रात हे आहे. त्या रडण्याला झेवियरपेक्षा बरं उत्तर ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, देता आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. नवव्या पायस पोपनी १८६३ साली ते स्पष्ट मांडलं.

प्रश्न : पण ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ हे वचन आहेच ना?

उत्तर २ : आहे, आणि ते मागे घेतलेलं नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनने ते लिहिलं तेव्हा वाद होता ख्रिस्तसभेतून फुटून निघालेल्यांशी. सुवार्ता कधी कानावरच न आलेल्यांशी नव्हे. बॉस्टनच्या फादर लेनर्ड फीनी यांनी मात्र त्याचा अगदी कडक अर्थ लावला. १९४९ साली रोमने पत्र पाठवून तो अर्थ नाकारला.

प्रश्न : मग वाक्य असं करू? ‘निर्दोष अज्ञानात राहिलेल्या माणसाचंही ख्रिस्ताच्या कृपेने तारण होतं.’

उत्तर २ : ‘होतं’ नको, ‘होऊ शकतं’ हेच ठेवा. परिषदेच्या लॅटिन मजकुरातही ‘पोस्सुंत’ आहे, म्हणजे ‘शकतात’.