कंप्रेसर नाही, हवा विकायची आहे: ड्रॉइंग पक्कं करण्याआधी सिम्युलेशन कसं करू?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, ३७ किलोवॅटचे स्क्रू कंप्रेसर बनवतो. इचलकरंजीचे एअरजेट मागवाले (हवेच्या झोताने धागा फेकणारे माग) म्हणतात, "मशीन तुमचंच राहू दे, आम्ही हवेचे पैसे देतो. पण बंद पडलं की चार तासांत माणूस दारात पाहिजे." नवं मॉडेल अजून कागदावर आहे. एक्सेलमध्ये मांडलं: ३० मशीन, महिन्याला ३२ कॉल, जाऊन-येऊन प्रत्येकी ५ तास. झाले १६० तास. इंजिनिअरचे २०० तास हाताशी आहेत, म्हणजे एक माणूस पुरतो. तरी मन धजत नाही. सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर बिघाड आणि कॉल घडवून बघणं) करावं का, आणि आत्ता करून उपयोग काय?

फील्डवाला:
२२ वर्षं कंप्रेसरच्या सर्व्हिसमध्ये काढली, म्हणून कळकळीने लिहितो. बेरीज बरोबर आहे, पण कॉल बेरजेने येत नाहीत. सोमवारी एकही नाही, मंगळवारी तीन. एकच माणूस ८० टक्के गुंतलेला आणि कॉल असे अवचित येणारे, तर रांगेच्या साध्या सूत्राने सरासरी वाट निघते ५ तासांच्या चौपट. कामाचे २० तास! अडीच दिवस माग उभे राहतील. (कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांगने हे गणित विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं.)

आता खरा मुद्दा. कूलर (कंप्रेसरचं तेल आणि हवा थंड करणारी जाळी) साफ करायला मागचं पॅनेल आणि फॅनचं कव्हर दोन्ही उतरवावं लागत असेल, तर तास तिथेच जातो. कूलर समोरून उघडेल असा बसवा. कॉल ५ऐवजी ४ तासांत आटपला की वाट २० तासांवरून ७वर येते. ३ तासांत आटपला तर ३च्याही आत. किंवा ड्रॉइंग आहे तसं ठेवून दुसरा इंजिनिअर घ्या, वाट तासाभरावर येईल. पण तो पगार वर्षानुवर्षं द्यायचा, आणि कूलर फिरवायचा खर्च आज फक्त कागदावरचा. पत्रा कापल्यावर ही निवड हातात उरत नाही.

सूत्र इथवरच नेतं. पुढे सिम्युलेशन लागतं, कारण बिघाड एकमेकांपासून सुटे नसतात. एका एप्रिलात, कूलरवर कापसाचे तंतू बसलेले असताना, एकाच दुपारी माझी पाच मशीन हाय टेंपरेचरवर ट्रिप झाली, म्हणजे तापून आपोआप बंद पडली. त्या संध्याकाळी मी दोन गिऱ्हाइकांचे फोन उचलू शकलो नाही, ते अजून सलतं. पायथनमध्ये सिमपाय ही सिम्युलेशनची लायब्ररी फुकट आहे. उन्हाळ्यात बिघाडाचा दर चढता ठेवा, वर्ष हजार वेळा चालवा, आणि सरासरी बघू नका. चार तास किती वेळा हुकले, ते मोजा.

पुणे_मेंटेनन्स:
दर कसा लावताय? महिन्याला ठोक रक्कम घेतलीत तर गिऱ्हाईक पाइपची गळती कशाला काढेल? तुमचं मशीन जास्त तास लोडवर राहील, फिल्टर आणि सेपरेटर (हवेतून तेल वेगळं करणारा भाग) लवकर बदलावे लागतील. घनमीटरवर दर लावला तर गळती त्याच्या खिशाला लागते. मग फ्लोमीटर बसवायची जागाही आत्ताच ठेवा. दोन्ही दर मॉडेलमध्ये चालवून बघा.

शिरोलीकर:
मनापासून आभार. कूलरचं ड्रॉइंग आज थांबवलं. जुन्या जॉबशीट काढून प्रवास, उघडझाक आणि पार्टसाठीची दुसरी फेरी यांचे तास वेगळे लिहितोय. एकच अडतंय: माझ्याकडे दोनच उन्हाळ्यांचे कॉल आहेत. एप्रिलमधला बिघाडाचा दर किती चढवू?

फील्डवाला:
दुप्पट धरून चालवा, मग तिप्पट धरून. दोन्ही वेळा समोरून उघडणारा कूलरच सरस ठरला, तर नेमक्या आकड्यासाठी अडून राहू नका. आणि दुसऱ्या फेरीचे तास आले की इथे टाका. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, आणि सेपरेटर तुंबत आल्याचं आधीच कळवणारा प्रेशर सेन्सर द्यायचा की नाही, म्हणजे पार्ट पहिल्याच फेरीत नेता येईल, ते त्यावरच ठरेल.