फोबिया : भयगंड, धसका की भेव?

खारपाणपट्टा : अकोल्याकडच्या खेड्यात आठवीला इंग्रजी शिकवते. परवा भीती आणि फोबियावर तास घेतला. कशाला भिता ते एका वाक्यात लिहा म्हटलं, तर निम्म्या वह्यांत ‘आय ॲम अफ्रेड टू स्नेक’. आम्ही ‘सापाले भेतो’ म्हणतो, त्या ‘ले’चा ‘टू’ झाला. ‘ऑफ’ शिकवून झालं. अडले ती पुढे. ‘फियर’पुढे भीती लिहिलं, ‘फोबिया’पुढे भयगंड. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, गंड म्हंजे काय? माह्या आजीनं पान्याचा धसका घेतला. विहिरीत बकरी पडलेली पाह्यली तवापासून थे बादली भरून सांडली तरी बाजूले होते.” मी भयगंड पुसून धसका लिहिलं. सहकारी म्हणतात, पुस्तकी शब्दच ठेवा. तुम्ही काय लिहिलं असतं?

पळसबन : धसकाच. गंड आपण ‘कॉम्प्लेक्स’साठी वापरतो, न्यूनगंडात आहे तसा. फोबिया म्हणजे कॉम्प्लेक्स नव्हे.

तुरीचा बांध : पण गंड म्हणजे गाठही, गंडमाळेतली. भीतीची मनात बसलेली गाठ, मला तर हा शब्द फार नेमका वाटतो. शिवाय धसक्यामागे काहीतरी घडलेलं असतं, फोबियामागे दरवेळी असतंच असं नाही. खरी खूण म्हणजे भीतीचं प्रमाण सुटणं. लाईट रात्रीच येते म्हणून बारा वाजता हरभऱ्याला ओलीत करणारा माणूस घोणसाला भितो, तो शहाणपणा. पुस्तकातलं सापाचं चित्र पाहूनही ज्याला घाम फुटतो, त्याचा फोबिया. आपल्या पोरांना सापाचं उदाहरण देताना हे आधी सांगायला हवं.

निंबोणी : मॅडम, आजीच्या गोष्टीला वर्गात ‘हायड्रोफोबिया’ म्हणू नका. ते रेबीजचं जुनं नाव, मराठीत जलसंत्रास. त्यात घशाचे स्नायू आखडतात, पाणी गिळवत नाही. पाण्याच्या भीतीला ‘ॲक्वाफोबिया’ म्हणतात. कुत्रा चावला तर जखम साबणानं धुवून त्याच दिवशी लस घ्यायची, हेही सांगून टाका.

शुद्धमती : शीर्षकातला ‘भेव’ मात्र फळ्यावर नको. बोली घरात ठीक, शाळेत प्रमाण मराठीच शिकवावी.

पळसबन : का नको? भेव ‘भया’पासूनच आलेला. ज्ञानेश्वरीत ‘भेणें’ आहे. भ्याड, भेकड तुम्हाला चालतात, मग भेवानंच काय केलं? मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या लीळाचरित्राशी जोडलेलं रिद्धपूर आमच्या अमरावती जिल्ह्यातलं, म्हणजे आमची बोली काही परकी नाही. चौथीत ‘मले भेव लागते’ म्हटलं म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही.

शुद्धमती : ते चूकच झालं. पण तुमच्या पोरांना उद्या पुण्या-मुंबईत मुलाखत द्यायची आहे, त्याचं काय?

खारपाणपट्टा : दोन्ही शिकवते. भेव बोलू दिलं तेव्हा कुठे मागच्या बाकावरची पोरं इंग्रजीत हात वर करू लागली. पण फोबियाचं काय लिहू?

तुरीचा बांध : ‘बुजणे’ राहिलंच की! ट्रॅक्टरचा आवाज ऐकला की आमचा एक बैल बुजायचा, जुवासकट बांधावर चढायचा. बुजगावणं त्यातूनच आलं.

निंबोणी : माणूस बुजतो तो लाजून, नवख्या पोरासारखा. जनावराचं बुजणं वेगळं.

पळसबन : आमच्याकडे बैल बिचकतो. बुजतो म्हणतात ते कुठल्या तालुक्यात?