शब्दचर्चा : ‘मोहमेडन’चं मराठी काय करायचं?

अनुवादिनी : एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी उतारे मराठीत आणतेय. लिहिणारे बहुतेक गोरे अधिकारी, काही मिशनरी. मुसलमानांना ओळीआड ‘मोहमेडन’ म्हटलंय, स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, आणि धर्माला ‘मोहमेडनिझम’. मी सरळ ‘मुसलमान’ आणि ‘इस्लाम’ लिहून मोकळी झाले, तर तपासणाऱ्यांनी शेरा मारला : ‘मूळची छटा गेली.’ कोणती छटा? आणि ती मराठीत आणायची कशी?

जुनी पोथी : शेरा बरोबर आहे, ताई. ख्रिस्तावरून ख्रिश्चन, तसं महंमदावरून मोहमेडन, असा तो हिशेब. पण मुसलमान पैगंबरांची भक्ती करत नाहीत, अल्लाची करतात. म्हणजे नावातच गृहीत धरलं की हा धर्म एका माणसाने रचला. पुढचा प्रश्न आपोआप येतो : तो माणूस खरा होता की तोतया? युरोपात कित्येक शतकं उत्तर एकच होतं, तोतया. जॉर्ज सेलने 1734 मध्ये कुराणाचं बरंच प्रामाणिक इंग्रजी भाषांतर केलं, तरी हा सूर काही सुटला नाही.

त्याला जाहीरपणे धक्का दिला इंग्रजी लेखक थॉमस कार्लाइलने, लंडनच्या व्याख्यानात, मे 1840 मध्ये. खोट्या माणसाला साधं विटांचं घर बांधता येत नाही, तो धर्म काय उभा करणार, असा त्याचा सवाल. आणि त्याच व्याख्यानात, कुराण वाचणं म्हणजे आपल्याला शिक्षा वाटली, असंही सांगून टाकलं! स्तुती केली ती माणसाची, ग्रंथाची नाही. ‘मोहमेडन’ची छटा नेमकी ही.

अनुवादिनी : माझ्या उताऱ्यांत म्यूर भरपूर आहे. तो यात कुठे बसतो?

जुनी पोथी : विल्यम म्यूर पुस्तकी पंडित नव्हे, बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधला अंमलदार. 1857 च्या धामधुमीत आग्र्याला बसून सरकारसाठी बातम्या गोळा करण्याचं खातं सांभाळत होता. फांडर नावाच्या मिशनऱ्याच्या आग्रहावरून त्याने पैगंबरांचं चरित्र लिहायला घेतलं. चार खंड, 1858 ते 1861. म्यूरची गोम अशी की तो अरबी साधनग्रंथ स्वतः वाचायचा, त्यामुळे ‘अडाणी साहेब’ म्हणून त्याला उडवून लावता येत नव्हतं. चार खंड साधनांची चिरफाड करून शेवटी निकाल काय दिला? महंमदाची तलवार आणि कुराण हे सभ्यता, स्वातंत्र्य आणि सत्य यांचे जगाने पाहिलेले सर्वांत हट्टी शत्रू आहेत. पुढे हाच गृहस्थ वायव्य प्रांतांचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

सर सय्यद अहमद खान यांचा नि त्याचा चांगला परिचय होता. पुस्तक वाचून सय्यदसाहेबांचा जीव तळमळला. 1869 ला विलायतेत गेले, तिथल्या ग्रंथालयांत बसले, कर्ज काढलं आणि 1870 मध्ये लंडनलाच उत्तर छापलं. मुख्य हरकत साधनांवर होती. ज्या वाकिदी या जुन्या अरबी इतिहासकाराच्या हकिकतींवर तुम्ही इतकी भिस्त ठेवता, त्याला आमच्याकडचे हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे नि आठवणींचे, जाणकारच भरवशाचा मानत नाहीत, असं त्यांनी दाखवलं. हे भांडण आजही वाचनीय आहे, कारण दोन्हीकडे अभ्यास होता. बाकीच्या बऱ्याच साहेबी लिखाणात तो नव्हता.

सोलापूरकर : पोथीसाहेब, एक बाजू राहिली. हा शब्द शिवीच होता असं धरलं तर आमच्याच लोकांनी तो पाट्यांवर कसा लावला? सय्यदसाहेबांनी अलिगढला काढलेल्या कॉलेजचं नाव मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल. कलकत्त्याचा फुटबॉल क्लब 1891 पासून मोहमेडन स्पोर्टिंग, आजही. बरं, हे झालं इंग्रजीतलं. सय्यद अहमद बरेलवी हे सर सय्यदांच्या आधीचे वेगळे धर्मसुधारक, त्यांच्या चळवळीचं स्वतःचं नाव ‘तरीका-ए-मुहम्मदिया’. नंतरचे अहले हदीस, म्हणजे हदीसलाच थेट प्रमाण मानणारा गट, स्वतःला ‘मुहम्मदी’ म्हणवायचे. अर्थ पैगंबरांच्या वाटेने जाणारे, त्यांना पुजणारे नव्हे. शब्द तोच, बोलणारा बदलला.

आणि मराठीत तर ‘अविंध’सुद्धा होता. न टोचलेल्या कानांचा, म्हणजे परका. पण श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद तो स्वतःलाच लावतात : ‘शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद’. आमच्या घरात विचाराल तर ‘मुसलमान’. ‘मुस्लिम’ हे वर्तमानपत्रातलं.

मुंबईचा वकील : कोर्टातलं सांगतो. पक्षकार ‘मुसलमान’ म्हणतो, कायदा ‘मुस्लिम’ म्हणतो, आणि आमच्या टेबलावरचं पुस्तक अजून ‘महोमेडन लॉ’ म्हणतं. दिनशा मुल्लांचं, मुंबईच्या पारशी कायदेपंडिताचं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 129 काढून बघा, बक्षीसपत्राच्या प्रकरणाचं शेवटचं. तिथे ‘मुहम्मदन लॉ’ आजही बसलेला आहे. वक्फाचा 1913 चा कायदा ‘मुसलमान’ म्हणतो, 1937 चा शरियत कायदा ‘मुस्लिम’. कायद्यांची नुसती नावं ओळीने वाचली तरी बदल दिसतो.

गंमत म्हणजे साहेबाचा ‘मोहमेडन’ म्हणजे पुस्तकातला मुसलमान. वॉरन हेस्टिंग्जने 1772 मध्ये ठरवलं की वारसा, लग्न वगैरे बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावायचा. मग 1847 मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे खोजा आणि कच्छी मेमन या मुसलमान व्यापारी जमातींचे लोक आले. मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागितला, पुरुष मंडळी म्हणाली आमच्यात तशी रीत नाही. न्यायाधीश सर अर्स्किन पेरींनी कौल रीतीला दिला, मुलींना वाटा नाही. कुराण हातात घेऊन माणसं मोजायला निघालेल्या कोर्टाला भेंडीबाजारातली माणसं वेगळीच निघाली!

अनुवादिनी : वकीलसाहेब, हे फार कामाचं. आता दुसरा शब्द. ‘फॅनॅटिक’. हा तर ‘मोहमेडन’च्या शेपटीलाच बांधलेला आहे. मी ‘माथेफिरू’ लिहिलंय.

जुनी पोथी : माझ्या मते खरा विखारी शब्द हा, ‘मोहमेडन’ नव्हे. मूळ लॅटिन ‘फानम’, म्हणजे देऊळ. देवळात अंगात येऊन घुमणारा तो फॅनॅटिक. इंग्रजांनी तो मलबारच्या मोपल्यांना, म्हणजे तिथल्या मुसलमानांना, आणि सरहद्दीवरच्या पठाणांना लावला. मलबारात जमीनदार आणि कुळं यांचं भांडण धुमसत होतं, पण कागदावर ‘फॅनॅटिक’ लिहिलं की जमिनीचा प्रश्न पुसला जातो, उरतो फक्त धर्म. 1854 मध्ये खास मोपल्यांसाठी कायदा झाला. पुढच्याच वर्षी मोपल्यांनी कलेक्टर कॉनोलीला ठार मारलं. 1867 मध्ये पंजाबच्या सरहद्दीसाठी कायदा आला, त्यात ‘फॅनॅटिक’ हा शब्दच घातलेला. आरोपीला अपील नाही, शिक्षा फाशी किंवा काळं पाणी. माणसाने काय केलं यापेक्षा तो कोण आहे याचा खटला.

म्हणून ‘माथेफिरू’ नको. माथेफिरू एकटा असतो, डोकं फिरलेला. साहेबाचा फॅनॅटिक डोकं ठिकाणावर असलेला, पण धर्माने भारलेला. ‘धर्मवेडा’ जवळचा. जिथे कायद्याचा शब्द आहे तिथे मात्र ‘फॅनॅटिक’ तसाच ठेवा, अवतरणात.

सोलापूरकर : ‘वहाबी’ विसरू नका. खरा अर्थ अरबस्तानातल्या इब्न अब्दुल वहाबचा अनुयायी. बरेलवींचे अनुयायी स्वतःला तसं म्हणत नव्हते, तरी सरकारी दप्तरात सरसकट वहाबी. सरकारी अंमलदार डब्ल्यू. डब्ल्यू. हंटरचं 1871 चं पुस्तक याच भीतीवर उभं आहे. मुसलमानांना राणीविरुद्ध बंड करणं धर्मानेच भाग आहे का, हा प्रश्न त्याने पुस्तकाच्या नावातच घातला. आत तो स्वतः कबूल करतो की आपलं म्हणणं खालच्या बंगालपुरतं आहे. नावात मात्र सगळ्या हिंदुस्थानचे मुसलमान!

अहले हदीसचे मुहम्मद हुसेन बटालवी यांनी सरकारकडे अर्ज केला की आम्हाला कागदोपत्री वहाबी म्हणू नका. 1880 च्या दशकात तो मान्यही झाला. राज्यकर्त्याच्या शब्दाविरुद्ध अर्ज करून तो खोडून घेतलेला असा दुसरा दाखला मला आठवत नाही.

मुंबईचा वकील : सगळे साहेब एका माळेचे मणी नव्हते, हेही टीप म्हणून द्या. अलिगढला शिकवलेल्या टी. डब्ल्यू. आर्नल्डने 1896 च्या पुस्तकात मांडलं की इस्लाम मुख्यतः व्यापारी आणि सूफींमुळे पसरला, तलवारीमुळे नव्हे. आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1899 चा भाग पाहा, गुजरातच्या लोकसंख्येवरचा. शीर्षकात सरळ ‘मुसलमान्स’. तो मजकूर फजलुल्ला लुत्फुल्ला फरिदी यांचा.

अनुवादिनी : म्हणजे म्यूर नि मिशनऱ्यांच्या उताऱ्यांत ‘महंमदी’ आणि ‘महंमदी पंथ’ करते, कायद्याच्या उताऱ्यांत ‘मोहमेडन लॉ’ तसाच ठेवते, आणि लेखकाने स्वतः ‘मुसलमान’ लिहिलं असेल तिथे ‘मुसलमान’. चालेल?

जुनी पोथी : चालेल. फक्त ‘पंथ’ नको, म्यूर त्याला धर्मच म्हणतो. ‘महंमदी धर्म’ करा. आणि पैगंबरांचा उल्लेख म्यूर एकेरी करतो, तो अहो-जाहो करून गोड करू नका.