ब्रॅम्प्टन एलआरटी डाउनटाउनपर्यंत: ओपन हाऊसला जाऊन काय बोलायचं?

शॉपर्सवर्ल्डकर:
नमस्कार मंडळी. आम्ही टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनमध्ये स्टील्स आणि मेनच्या चौकाजवळ भाड्याने राहतो. मिसिसागातल्या पोर्ट क्रेडिटहून येणारी हुरॉन्टारिओ एलआरटी (हलकी रेल्वे) आमच्या जवळ, गेटवे टर्मिनलला संपणार आहे. ती पुढे मेन स्ट्रीटने ब्रॅम्प्टन गो स्टेशनपर्यंत न्यायची तर कशी, भुयारातून की रस्त्यावरून, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला ओपन हाऊस ठेवलंय, असा कागद पेटीत आला. मी कामाच्या दिवशी ५०२ झूम बस धरून डाउनटाउनला जाते आणि तिथून टोरांटोच्या युनियन स्टेशनची गो ट्रेन. सासूबाई सध्या इथे आहेत, गुडघे दुखतात, बर्फात बसस्टॉपवर उभं राहणं त्यांना जमत नाही. म्हणजे विषय आमच्या रोजच्या जगण्याचा आहे. पण आम्ही पीआर (कायमचे रहिवासी), नागरिक नाही, घरही स्वतःचं नाही. आमचं कोण ऐकणार? आणि भुयार हवं की रस्त्यावरून, यात मला काय कळतंय?

विन्या_मिसिसागा:
मी आमच्याकडच्या एका सभेला गेलो होतो. भिंतीवर नकाशे, चहा-बिस्किटं, आणि सगळं आधीच ठरलेलं. वेळ वाचवा.

वंदनामावशी:
विन्या, तुझा अनुभव मी खोटा म्हणत नाही, पण ब्रॅम्प्टनच्या बाबतीत "आधीच ठरलेलं" हे मला पटत नाही. ऑक्टोबर २०१५ ची शहर परिषदेची सभा मी गॅलरीत बसून ऐकली आहे. प्रांत सरकार अख्ख्या लाईनच्या बांधकामाचा खर्च उचलायला तयार होतं, १.६ अब्ज डॉलर. रात्री उशिरापर्यंत एकामागून एक माणसं बोलत होती. मेन स्ट्रीटवरची जुनी घरं, गेज पार्क, मोठी झाडं यांची काळजी करणारे पुष्कळ होते, आणि ती काळजी मनापासूनची होती. शेवटी ७ विरुद्ध ४ मतांनी मेन स्ट्रीटचा मार्ग नाकारला गेला आणि लाईन स्टील्सलाच तुटली. त्या रात्री रोज बसने जाणारी माणसं सभागृहात फार थोडी होती. कुणी शिफ्टवर होतं, कुणाला पहाटे उठायचं होतं. तेव्हापासून तो तुकडा रखडला तो रखडलाच. लोकांच्या बोलण्याने काही होत नाही असं कसं म्हणू?

शॉपर्सवर्ल्डकर, तुमचा पहिला प्रश्न. मत मांडायला नागरिकत्व लागत नाही, घराचे कागद लागत नाहीत. भाडेकरू, विद्यार्थी, पाहुणी आलेली सासू, कुणीही लिहू शकतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ऑन्टारिओत अशा प्रकल्पाची औपचारिक मूल्यांकन प्रक्रिया फार आखूड आहे. नोटीस निघाली की जास्तीत जास्त १२० दिवसांत चर्चा आणि अहवाल पूर्ण करायचा, मग तो ३० दिवस लोकांना बघायला खुला, त्यानंतर मंत्र्यांना ३५ दिवस. त्या ३० दिवसांत मंत्र्यांकडे हरकत घेता येते, पण कशावर? प्रांताच्या पातळीवर महत्त्वाचा निसर्ग किंवा सांस्कृतिक वारसा, नाहीतर आदिवासी समाजाचे संविधानाने राखलेले हक्क. "माझ्या इमारतीसमोरचा थांबा काढू नका" ही हरकत तिथे चालत नाही. ती आत्ताच सांगायची, नकाशावर पेन्सिल फिरतेय तोवर. कोण काय म्हणालं आणि त्याचं काय केलं, हे अहवालात लिहावंच लागतं. म्हणून तोंडी बोललात तरी लेखी द्याच.

भुयाराबद्दल. २०२३ मध्ये परिषदेने भुयाराला पसंती दिली. तेव्हाचा अंदाज भुयारासाठी सुमारे २.८ अब्ज डॉलर, रस्त्यावरून नेली तर एक अब्जाच्या आत. मला स्वतःला रस्त्यावरची गाडी जास्त आवडली असती. वर सूर्यप्रकाश असतो, दुकानं दिसतात, म्हाताऱ्या माणसाला लिफ्ट शोधावी लागत नाही. पण ते माझं मत. तुम्ही अमुक हवं म्हणायची गरजच नाही, तुमच्या वापराचं बोला. खालच्या स्टेशनात लिफ्ट एकच की दोन? एक बंद पडली तर गुडघेदुखीचं माणूस वर कसं येणार? एलआरटीतून उतरून गो ट्रेनच्या फलाटापर्यंत किती चालायचं, छपराखालून की उघड्यावरून? आणि पाण्याचं विचाराच. आपलं डाउनटाउन इटोबिको क्रीकच्या (ओढ्याच्या) पूरक्षेत्रात आहे; १९४८ ला मोठा पूर आला, म्हणून तर क्रीक काँक्रीटच्या कालव्यातून वळवली. भुयाराची तोंडं आणि जिने किती उंचीवर असतील, हे साध्या शब्दांत सांगा म्हणावं.

रस्त्यावरच्या भागासाठी एकच मागणी करा: सिग्नलला एलआरटीला आधी वाट. टोरांटोत फिंच वेस्ट एलआरटी सुरू झाली तेव्हा लोकांनी पहिली तक्रार केली ती गाडी रेंगाळण्याची. रूळ टाकून झाल्यावर भांडण्यापेक्षा आत्ता लिहून घेतलेलं बरं.

एग्लिंटनवाला:
वंदनाताईंच्या बोलण्यात एक भर. माझं दुकान टोरांटोत एग्लिंटन रस्त्यावर होतं. तिथल्या एलआरटीचं काम २०११ ला सुरू झालं, २०२० ला गाडी धावेल म्हणाले होते, ते साल गेलं तरी आमच्या दारात कुंपण होतंच. गिऱ्हाईकाला वाटायचं दुकान बंद आहे. डाउनटाउन ब्रॅम्प्टनमधल्या आपल्या कुणाची खानावळ किंवा किराणा असेल तर त्यांना सभेला घेऊन जा. फूटपाथ किती दिवस बंद, माल उतरवायला गाडी कुठे लावायची, नुकसानभरपाईचा अर्ज कुणाकडे करायचा, हे विचारायला लावा. नुसतं "दुकानदारांची काळजी घेऊ" एवढ्यावर कुणी उठू नये.

शॉपर्सवर्ल्डकर:
मनापासून आभार. मी लिफ्टचं आणि गो फलाटापर्यंतच्या चालण्याचं लिहून ठेवलंय. आणखी एक सुचलं: एलआरटी आली की ५०२ झूमच्या फेऱ्या कमी करणार का? मधल्या छोट्या थांब्यांवर उतरणारे बरेच आहेत, शाळेची मुलं आहेत. सासूबाई म्हणतात त्यांनाही बोलायचंय, पण मराठीतच.

वंदनामावशी:
बसचा मुद्दा फार चांगला आहे, तो पहिला लिहा. दुभाष्या मिळेल का ते कागदावरच्या नंबरवर आधी फोन करून विचारा, वेळ हातात ठेवून. नाहीच मिळाला तर मी येणार आहे, त्यांच्या शेजारी बसून सांगेन. त्यांचं म्हणणं त्यांच्याच नावाने वेगळ्या फॉर्मवर द्या, तुमच्या फॉर्ममध्ये मिसळू नका. आणि दोन्ही फॉर्मचा फोटो काढून ठेवा.