बायब्रे म्हणजे डुप्लिकेट ब्रेंबो का?

बी-३०४: माझ्या केटीएम ड्यूक ३९० बाइकच्या ब्रेक कॅलिपरवर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ‘बायब्रे’ लिहिलंय. गॅरेजवाला म्हणतो, कॉपी आहे, ओरिजिनल ब्रेंबो (इटलीची ब्रेक कंपनी) टाका. नक्की काय खरं?

ए-१०२: कॉपी अजिबात नाही. बायब्रे म्हणजे ‘बाय ब्रेंबो’. लहान आणि मध्यम गाड्यांसाठीचा त्यांचाच ब्रँड, आणि कारखाना आपल्या चाकणला.

सी-५०१: काका बरोबर सांगताहेत. १९६१ मध्ये इटलीत बेर्गामोजवळ एमिलियो बोंबासेई आणि इतालो ब्रेडा यांनी हे वर्कशॉप काढलं. ब्रेंबो हे तिथल्या नदीचं नाव. तेव्हा ब्रेक बनवतच नव्हते, दुसऱ्यांची मशिनिंगची कामं घ्यायचे. १९६४ मध्ये अल्फा रोमिओसाठी इंग्लंडहून डिस्क घेऊन येणाऱ्या ट्रकला अपघात झाला. खराब झालेल्या डिस्क दुरुस्तीला यांच्याकडे आल्या. त्यांवर काम करताना लक्षात आलं की बाहेरून मागवतात त्या आपणच बनवू शकतो!

बी-३०४: मग बाइककडे कधी वळले?

सी-५०१: १९७२, मोटो गुझ्झीसाठी. त्या काळातला पी-२ एफ-०८ कॅलिपर बघा: समोरासमोर दोन पिस्टन, साधा आणि दणकट. त्याचे पॅड आजही मिळतात. १९९५ ला मिलानच्या शेअर बाजारात आले, तरी निम्म्याहून जास्त हिस्सा बोंबासेई घराण्याकडेच राहिला. एमिलियोंचे चिरंजीव अल्बेर्तो यांनी कंपनी मोठी केली, २०२१ पासून त्यांचे जावई मात्तेओ तिराबोस्की अध्यक्ष आहेत.

ए-१०२: आता गॅरेजवाल्याच्या सल्ल्याचं. नुसता मोठा कॅलिपर बसवू नका. पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा ब्रेकचं तेल ढकलणारा पंप) जुनाच राहिला, तर तितकं तेल ढकलायला लिव्हर जास्त दाबावा लागतो, कधीकधी पार ग्रिपला टेकतो.

बी-३०४: पण मागचा ब्रेक घासतोय, एका बाजूचा पॅड लवकर संपतो.

ए-१०२: मागचा कॅलिपर फ्लोटिंग, म्हणजे पिनांवर सरकणारा असतो. स्लाइड पिन सुकल्या की तो सरकत नाही आणि पिस्टनकडचा पॅड आधी झिजतो. पिन काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, रबर फुगतं. पिस्टन आधी ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा, मगच मागे दाबा, नाहीतर कचरा सीलमध्ये जातो. दाबताना वरच्या डबीतलं ब्रेकचं तेल बाहेर येऊ शकतं. टाकीवर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

डी-२०३: ब्रेकचं तेल डॉट-४ ग्रेडचंच, दर दोन वर्षांनी बदला ताई. ते हवेतली ओल शोषतं. नवं तेल किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरलेलं १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. घाटात ब्रेक तापला की आत वाफ होते आणि लिव्हर मऊ पडतो.

बी-३०४: पॅड कधी बदलू?

डी-२०३: मटेरियल १ मिमीवर आलं की. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजा. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, पहिला दाब पोकळच जातो.